अहरोन गप्प राहिला, पण पुढे बोलला

शुक्रवार. दुपारी धाकटा भाऊ वाणगावहून माझ्याकडे बोईसरला आला. रविवारी त्याच्या मुलीचा साखरपुडा आहे, आम्हा ज्यूंच्या रीतीने देवाचे आभार मानायला गोड पोह्यांचा मलिदा आहे. माझा मुलगा वारल्याला अजून महिना झालेला नाही.

"दादा, तू आला नाहीस तर मुलाकडचे काय म्हणतील? या आठवड्याचा तोराचा पाठ वाच. अहरोनचे दोन मुलगे गेले, तरी तो गप्प राहिला."

"पुढेही वाच," मी म्हणालो. "त्याच दिवशी देवाला अर्पण केलेलं मांस का खाल्लं नाही म्हणून त्याचा धाकटा भाऊ मोशे रागावला. तेव्हा अहरोनने विचारलं, आजच्या दिवशी मी खाल्लं असतं तर देवाला आवडलं असतं का?"

"मोठा रब्बी लागून गेलास!" भाऊ पाणीही न पिता निघून गेला.

मोशेने मात्र मोठ्या भावाचं ऐकून घेतलं होतं. माझ्या जागी तुम्ही गेला असता का?

सूर्य मावळला की शब्बाथ लागतो, मग चूल पेटवायची नाही; त्याच्या आत स्वयंपाक उरकायचा आहे. आत्ताच एकट्यापुरता भात टाकला.