नाक्याच्या पारड्यातले गहू

पितांबर जकात नाक्यावर कारकून होता. पालिकेचं नाव राहू द्या. धुळ्याहून जळगावकडे येताना लागणारं गाव, एवढं पुरे. वर्ष सत्त्याऐंशी-अठ्ठ्याऐंशीचं. नाक्यावर आडवा बांबू, एक तराजू आणि चार माणसं. त्या रस्त्याला जी जकात गोळा व्हायची तीत चौघांचे पगारसुद्धा निघत नसत. चार आण्यांची कोंबडी अन् बारा आण्यांचा मसाला! व्यापाऱ्यांचे ट्रक शेतवाटेनं परस्पर गावात शिरत, आणि बांबू अडवायचा कोणाला, तर डोक्यावर पाटी घेतलेल्या बायाबापड्यांना. पितांबर त्यांच्या मिरच्यांच्या पोत्यात सळई खुपसून बघायचा. नियम म्हणजे नियम, असं बायकोलाही ऐकवायचा. खरं कारण वेगळंच होतं. वसुली वाढली नाही तर नाका बंद होईल, असं वरून बजावलं होतं, आणि नाका गेला की पितांबरही जाणार होता.

खानदेशात श्रावणातल्या रविवारी घरोघरी कानबाई देवी बसते. तिच्या रोटासाठी, म्हणजे नैवेद्याच्या जाड पोळ्यांसाठी, भाऊबंदांतल्या प्रत्येक पुरुषाच्या नावानं सव्वा मूठ गहू मोजतात. ते शिवाशिव होऊ न देता दळून आणायचे. चक्कीवाला आदल्या दिवशीच चक्की धुऊन ठेवतो. रोट खायचा तो भाऊबंदांनीच, आणि पानात कणभरही टाकायचा नाही.

त्या साली पितांबरच्या मूळ गावातली चक्की ऐनवेळी जळाली. म्हणून शनिवारी पितांबरचे चुलतकाका, सुकदेवआबा, कोऱ्या कापडात गहू बांधून अनवाणी नाक्यापलीकडच्या शहरातल्या चक्कीकडे निघाले. नाक्यावर नेमका नवा साहेब तपासणीला बसलेला. पितांबरनं आबांना लांबूनच ओळखलं आणि ओळख दाखवायची नाही असंही लांबूनच ठरवलं.

दळणाला जकात माफ होती, पण दळणच आहे असा गावचा दाखला हवा होता. कानबाईच्या गव्हाला दाखला कोण आणतो? पितांबरनं गाठोडं ओढून घेतलं, सोडलं आणि गहू पारड्यात ओतले. सकाळी त्याच पारड्यात सुकट तोलली होती. वास अजून गेला नव्हता.

आबा ओरडले नाहीत. पुढं केलेला हात त्यांनी मागं घेतला.

"पितांबर, ह्या गहू कानबाईना रोटना शेतस," ते म्हणाले. "तुना नावनी सव्वा मूठ बी यामाच शे."

साहेबानं मान वर केली आणि हा तुमच्या ओळखीचा का, असं विचारलं. पितांबर नाही म्हणाला. म्हणून गेला, आणि मग तोंडात जीभ असल्याचीच त्याला लाज वाटली. पावती फाडली ती इतक्या किरकोळ रकमेची की तिच्यात पावतीपुस्तकाच्या छपाईचा खर्चही निघाला नसता. आबांनी पैसे ठेवले, पावती घेतली नाही आणि गहू तिथंच सोडून आल्या वाटेनं परत गेले.

रविवारी संध्याकाळी पितांबर गावी गेला. न जाणं जास्त वाईट दिसलं असतं. ओसरीवर भाऊबंदांची पंगत बसली होती. कोणी त्याला टाकून बोललं नाही, उलट सरकून जागा दिली. आपल्या नावाचा रोट आता नसेलच, असं त्यानं मनाशी धरलं होतं. निदान तेवढी शिक्षा झाली की सुटलो, असा त्याचा हिशेब होता.

काकू, भिकुबाई, वाढत वाढत त्याच्यापर्यंत आली आणि तिनं त्याच्या पानात रोट ठेवला. तिच्या तळहाताला फोड आले होते. शनिवारी आबा रिकाम्या हातानं परतल्यावर घराघरांतून गहू पुन्हा मोजले गेले होते आणि बायकांनी ते जात्यावर दळले होते. मोजताना आबांनी त्याचं नाव गाळलं नव्हतं.

गाळलं असतं तर बरं झालं असतं, असं पितांबरला वाटलं. पण रोट पानात टाकायचा नसतो. शेजारी आबा जेवत होते. तो मान खाली घालून खात राहिला.