न झिजलेले लोढणे

९ डिसेंबर १९७३, सकाळी साडेसहा. हुडकेश्वरच्या माझ्या शेतातला हरभरा बांधालगत चरलेला आढळला. मी शेजाऱ्याकडे गेलो.

हा गृहस्थ प्रश्नाआधीच उत्तर देतो आणि बोलताना समोरच्याच्या सदऱ्यावरची नसलेली धूळ झटकतो. मी गायीचे नावही काढले नव्हते.

“काकाजी, माह्या गायीच्या गळ्यात लोढणं आहे. एवढा ओंडका ओढत ते तुमच्या वावरात काहून येईन?”

गाय खुंट्याशी उभी होती. मोकाट जनावराला पळता येऊ नये म्हणून बांधतात तसा बाभळीचा ओंडका तिच्या गळ्यातून पायांपर्यंत लोंबत होता. मी वाकून पाहिले. असे लोढणे एरवी फरफटून खालच्या टोकाला गुळगुळीत होत जाते. याची साल शाबूत होती आणि कुऱ्हाडीचे घाव ताजे होते.

“हे केव्हा बांधले?”

“लय दिवस झाले.”

“साल जशीच्या तशी आहे.”

“बाभूळ चिवट राह्यते, काकाजी.” त्याने माझी बाही झटकली.

गाय कोंडवाड्यात घालतो, असे मी सांगितले. माझ्याने ती हलेना. तेव्हा दावे त्यानेच धरले आणि माझ्या गुडघ्याची चौकशी करत तो वाटभर सोबत चालला. कोंडवाड्याच्या फाटकाशी त्याने लोढणे सोडून खांद्यावर घेतले.

“आत याचं काय काम? घरी दुसरी गाय आहे.”

त्याच्या दुसऱ्या गायीची मला कल्पना नव्हती. अंधार पडेपर्यंत मी बांधाला काट्यांचे कुंपण घातले.