कट्ट्यावरची शिवी

नव्वदच्या दशकात गंगावेशीतल्या दूधकट्ट्यावर एक दूधवाला रस्त्यातच म्हैस बांधून थेट ग्लासात धार काढून द्यायचा. रोजच्या गिऱ्हाइकाला त्याची हाक शिवीनंच. मला बघितलं की ओरडायचा, "ये की भाड्या, कुठं उलथलतास?" आणि फेस ग्लासाबाहेर सांडेपर्यंत धार मारायचा.

पुढं लेकराला घेऊन आलेल्या एका बाईंनी त्याला सुनावलं. त्यांचं बरोबरच होतं. दुसऱ्या दिवसापासून मी 'सर' झालो. दूध तेच, फेसही तेवढाच. पण गोड लागेना.

एकदा म्हशीनं लाथ झाडली. त्यानं तिला मनसोक्त शिव्या घातल्या आणि ओशाळून मला म्हणाला, "हिला अहो-जाहो केलं तर पान्हा सोडत न्हाय, सर."

हातात ग्लास धरून मी उभा होतो. मला त्या म्हशीचा फार हेवा वाटला.