शेवंताबाईंची वाटी

मोहर्लीच्या महिला बचत गटाला बिस्किटं शिकवायला मी वरोऱ्याहून गेले, तेव्हा पहिल्याच दिवशी शेवंताबाईंनी माझ्या हातातली मैद्याची वाटी घेतली आणि परातीत पालथी केली.

“दाबून भरली मॅडम तुम्ही. सव्वा वाटी झाला हा मैदा.”

मला हसू आलं. मी पुन्हा तशीच वाटी भरून काट्यावर ठेवली. मग मैदा चाळून, अलगद भरून ठेवली. बाईंचं बरोबर निघालं.

पन्नाशीच्या, काटक, कमी बोलणाऱ्या बाई. गावच्या शाळेत त्यांनी बरीच वर्षं मुलांची खिचडी रांधली होती. त्यांच्या अंदाजाचं कुणी कौतुक केलं की त्यांना आवडत नसे. “मोजून मोजून हात शिकते, त्यालेच लोक अंदाज म्हणते,” त्या म्हणायच्या.

माझ्या सगळ्या कृती ग्रॅममध्ये होत्या. वर्ग सुटला, बाया घरी गेल्या, की शेवंताबाई काटा पुढे ओढून आपली स्टीलची वाटी घेऊन बसायच्या.

“काय करून राह्यल्या?” मी एकदा त्यांच्याच बोलीत विचारलं.

“तुमचे ग्राम माह्या वाटीत आणून राह्यली.”

प्रत्येक जिन्नस त्या तीनदा तोलत. एकदा तोलल्यावर चूक कळत नाही, असं त्यांचं म्हणणं. तिन्ही वजनं जुळली, की आकडा वहीत लिहायच्या.

गटाचा ओव्हन तीन महिन्यांच्या बोलीवर मिळाला होता. कायमचं गिऱ्हाईक नाही मिळालं, तर तो दुसऱ्या गावी जाणार होता. मुदत संपत आली तेव्हा जवळच्या एका रिसॉर्टने पाहुण्यांच्या चहासाठी ज्वारीची बिस्किटं मागवली. आवडली तर दर आठवड्याला घेऊ, म्हणाले. आणि बिस्किटं द्यायच्या दिवशीच सकाळी माझ्या हातून काटा ओट्यावरून पडून फुटला. दुसरा आणायचा तर चंद्रपूर गाठायला हवं होतं. तेवढा वेळ नव्हता.

मी मोबाईलवर ग्रॅमच्या वाट्या करायचा तक्ता शोधला. त्यात मैद्याचं माप होतं, ज्वारीच्या पिठाचं नव्हतं. मी मैद्याचंच त्याला लावलं. पहिला ट्रे बाहेर आला आणि बिस्किटं हात लावताच भुगा झाली.

“त्या मोबाईलवाल्यानं आपल्या गिरणीचं पीठ पाह्यलं काय?” शेवंताबाईंनी वही उघडली. चाळलेला मैदा, वाटीला शंभर ग्रॅम. ज्वारीचं पीठ एकशे पंधरा. साखर एकशे सत्तर. पातळ तूप एकशे ऐंशी.

“बाई, आता चुकलं तर ओव्हन जाईल.”

“माप नाई चुकत. तुम्ही भट्टी पाहा.”

ग्रॅमाच्या वाट्या करत त्या मापं सांगत गेल्या, बाया भरत गेल्या. दुपारी रिसॉर्टच्या मॅनेजरने एक बिस्किट चहात बुडवलं, खाल्लं, आणि दुसरं उचललं. ओव्हन मोहर्लीतच राहिला.

त्यावर शेवंताबाई कधी मिरवल्या नाहीत. पावसाळा लागला तशी त्यांनी नव्या काट्यावर सगळी मापं पुन्हा काढली. “हवा ओली झाली. पीठ आता तसं बसत नाई वाटीत,” एवढंच म्हणाल्या.

पुढे जिवती गावच्या बायांना शिकवायचं ठरलं, तेव्हा मी त्यांनाच सोबत नेलं. तिथल्या बायांनी लगेच त्यांच्या वहीचे फोटो काढायला मोबाईल पुढे केले. बाईंनी वही मिटली.

“माह्या आकड्यानं तुमची बिस्किटं कशी जमन? आपापली वाटी आणा, आपापलं पीठ आणा.”

बाया घरी जाऊन आल्या. कुणाची खोलगट वाटी, कुणाची पसरट, एकीने तर पितळी पेला आणला. शेवंताबाई प्रत्येकीला शेजारी बसवून तिच्याच हाताने तोलायला लावत होत्या. तीनदा. मी मागे बसून बघत होते. दुपारची आमची परतीची बस बाहेर येऊन थांबली, हॉर्न वाजवून निघूनही गेली. बाईंनी तिकडे पाहिलंसुद्धा नाही. पितळी पेल्यावालीचं तिसरं वजन अजून व्हायचं होतं.