तारेच्या जाळीवरची रेघ

"मग उडून गेली का जाळी? पंख फुटले तिला?" बायको भाजी चिरता चिरता विचारत होती. एक हात सुरीवर, दुसरा डासांवर.

"म्हटलं ना, उद्या नवी लावतो," जाळीवाला म्हणाला.

"उद्या. गावभर खिडक्यांना जाळ्या मारत हिंडता आणि स्वतःच्या घरात डासांना मोकळं रान."

यात खोटं काही नव्हतं. बावीस वर्षं तो लोकांच्या खिडक्यांना जाळ्या बसवत होता. शिडीवर उभं राहून, दातांत खिळे धरून बोलायची सवय. त्यामुळे खाली उतरल्यावरही त्याचं बोलणं निम्मंच ऐकू यायचं. भांडणात ते त्याच्या पथ्यावर पडे.

स्वयंपाकघराची जाळी त्याने सकाळी कापून काढली होती, थोरल्या बहिणीसाठी. ती जन्मापासून आंधळी. घरात तिला सगळे ताई म्हणत, लेक तेवढी आत्या म्हणायची. महिन्यापूर्वी एका गिऱ्हाइकाकडे त्याने खिडकीतून काढलेल्या जुन्या तारेच्या जाळीवर कागद ठेवून मेणखडूने माप लिहिलं, कागद उचलला, तर आकडा अंगठ्याला खरखरीत लागला. साखर सांडल्यासारखा. तेव्हापासून ताईला बोटांनी चाचपत चित्र काढता येईल अशी पाटी करायचं त्याच्या डोक्यात घोळत होतं.

पहिली पाटी केली नायलॉनच्या जाळीची. रेघ बोटाला लागेचना. दुसरी तारेची, पण तुकडा जेमतेम तळहाताएवढा आणि कडा उघड्या. "चित्र काढायचं की रक्त?" ताईने अंगठा चोखत विचारलं. तिसरीला लेकीचं परीक्षेचं जुनं पॅड घेतलं, कडांना सायकलच्या ट्यूबची पट्टी चिकटवली. जाळी मात्र तारेचीच हवी, आणि तशी आता दुकानात मिळेना. शेवटची उरली होती ती बायकोच्या शेगडीसमोरच्या खिडकीला.

"काय काढू? मी काय पाहिलंय?" पाटी मांडीवर घेऊन ताई म्हणाली.

"हाताला माहीत आहे ते काढ."

तिने खुर्ची काढली. मध्ये चौकोन, चार कोपऱ्यांतून चार दिशांना चार पाय.

लेक हसली. "आत्या, खुर्ची पाय पसरून झोपलीय."

"चार पाय आहेत ना तिला? तुम्ही लोक दोन-तीनच काढता म्हणे. उरलेले काय गहाण टाकता?"

भाजीवरचा बायकोचा हात थांबला. हसू तिलाही आलं होतं, पण भांडण अजून मिटलं नव्हतं.

"आता दुसरा कागद लाव," ताई भावाला म्हणाली. "भिंत काढते."

कुठली भिंत ते सगळ्यांना कळलं. ताईच्या खाटेपासून बाथरूमपर्यंतची. उद्या दुपारी तिथे बायकोचं नवं लोखंडी कपाट येणार होतं. ताई दोनदा म्हणाली होती, तिथे नको. दोन्ही वेळा बायकोने सांगितलं होतं, "ताई, दोन पावलं बाजूने गेलं की झालं." बाजू म्हणजे काय, हे ताईला सांगता आलं नव्हतं.

ताईने खडू टेकवला आणि एकच लांब रेघ ओढत नेली. मध्ये मध्ये थांबून आडव्या खुणा केल्या. "हे दिव्याचं बटण. ही स्वयंपाकघराची चौकट. हा खिळा, यावर पूर्वी कॅलेंडर होतं. ही बाथरूमची कडी." मग भावाकडून कपाटाची लांबी विचारून घेतली, वितीने मोजली, नवीन कागदावर तीच रेघ अर्ध्यापर्यंत आणली आणि खडू उचलला.

"पुढे?" बायकोने विचारलं.

"डोळे मीट आणि बोट ठेव. तूच सांग पुढे काय ते."

बायकोने हात पुसले. डोळे मिटून बोट ठेवलं. खाट. बटण. मग गुळगुळीत कागद. बोट इकडे गेलं, तिकडे गेलं, कागदावरून घसरून ताईच्या गुडघ्यावर आलं. तिने पुन्हा करून पाहिलं. या खेपेला बोट पाटीच्या रबरी कडेला जाऊन अडलं.

"त्या भिंतीवर हाताच्या उंचीला काळा पट्टा पडतो म्हणून मी दर वर्षी ओरडते," ती डोळे मिटूनच म्हणाली.

"ओरडतेस खरी," ताई म्हणाली.

जाळीवाल्याने सवयीने ओठ मिटून घेतले, तोंडात खिळे नसतानाही.

बायको उठली. कानाजवळचा एक डास टाळी वाजवून मारला, हात धुतले, आणि सुरी पुन्हा हातात घेतली.

"कपाट आमच्या खोलीत लागेल," ती म्हणाली. "तिथली अवजारांची पेटी जिन्याखाली जाईल. आणि खिडकीला जाळी जेवणाआधी लागेल."

जाळीवाला शिडी आणायला गेला.