किल्ल्यावरच्या फोटोतला बाप

एकोणीसशे शहाऐंशी साल. मला त्रेसष्टावं लागलं होतं, म्हणजे आईने सांगितलेल्या हिशेबाने. दाखल्यावरचं वय मास्तरांनी अंदाजाने लावलेलं, ते मी धरत नाही. शाळा तिसरीतच सुटली. जन्मभर गवंडीकाम केलं, पुण्यात लोकांचे बंगले बांधले, कुणापुढे वाकलो नाही, आणि म्हातारपणी अमेरिकेत, शॉमबर्गला, पोराच्या घरी येऊन बसलो. इथली घरं लाकडाची. भिंतीवर बुक्की मारली तर हात पलीकडच्या खोलीत जाईल. हे मी पोराला पहिल्याच दिवशी सांगितलं. तो म्हणाला, "आबा, भिंतीवर बुक्की मारायची नसते."

त्या भिंतीवर माझ्या बायकोचा फोटो होता, चंदनाचा हार घातलेला. शेजारी एक मोकळा खिळा. तो मी बापासाठी ठोकला होता. बापाचा फोटो मात्र नव्हता, कधी काढलाच नव्हता. दर सर्वपित्रीला आमच्याकडे त्याच्या नावाने पाटावर सुपारी मांडतात, आणि इतकी वर्षं मी त्या सुपारीलाच गंध लावत आलो. सुपारीला नाक नसतं, डोळे नसतात. बाप तापाने गेला तेव्हा मी अठरा वर्षांचा घोडा होतो, तरी त्याचा चेहरा हळूहळू माझ्या हातून सुटला. आवाज राहिला, चाल राहिली, चेहरा गेला. हे मी बायकोलासुद्धा सांगितलं नव्हतं. सांगणार कसं?

माझी सून आठवड्यातून दोनदा ज्यू लोकांच्या एका संस्थेत फुकट काम करायला जायची. हिटलरच्या तावडीतून सुटून आलेल्या लोकांचे फोटो, पासपोर्ट, पत्रं, चमचे, पोरांचे कपडे, जे काही मागे राहिलं असेल ते तिथे गोळा करून खोक्यांत जपून ठेवत. सून त्याची कार्डं टाईप करून द्यायची. मी तिला म्हणायचो, "घरची रद्दी तशीच पडलीय, आणि लोकांची रद्दी आवरायला जातेस."

"रद्दी नाही आबा," ती म्हणायची. "माणसं राहिली नाहीत, म्हणून कागद सांभाळायचे."

एकदा रात्री जेवताना तिने विचारलं, "आबा, तुमच्या गावच्या किल्ल्यावर लढाईच्या वेळी गोरे लोक ठेवले होते ना?"

तिला ते ठाऊक होतं. ही गोष्ट मी घरात इतक्यांदा सांगितली होती की नातसुद्धा ती इंग्रजीत सांगायची. आमचं गाव पुण्याकडचं, किल्ल्याच्या पायथ्याचं. दुसरी लढाई लागली तेव्हा इंग्रजाने जर्मनीचे कागद असलेली कुटुंबं उचलून किल्ल्यावर नेऊन ठेवली. त्यातल्या एका कुटुंबाचं पाणी आणि सरपण माझा बाप वर न्यायचा. त्यांना चार-पाच वर्षांची पोरगी होती. तिला तो खांद्यावर बसवून गड चढवायचा-उतरवायचा. गावात त्याला 'जर्मनाचा बैल' म्हणत. बाप हसून म्हणायचा, "बैलाला वैरण तरी मिळते. तुला कोण घालतंय?"

आमच्या लेखी वर ठेवलेले सगळे जर्मन. त्यातले काही ज्यू होते, त्याच जर्मनांपासून जीव घेऊन पळालेले, आणि इंग्रजाने दोघांनाही एकाच गडावर कोंडलं होतं, हे मला शॉमबर्गच्या जेवणाच्या टेबलावर कळलं. तोवर बाप जाऊन पंचेचाळीस वर्षं होत आली होती. ज्याच्या पोरीला त्याने खांद्यावर वाहिलं तो माणूस कशातून आला होता, हे त्याला कधीच कळलं नाही. कळलं असतं तर एखादी खेप जास्त केली असती, एवढं मला माहीत आहे.

सून म्हणाली, "एका बाईंनी आईवडिलांचं खोकं दिलंय. त्यात एक फोटो आहे. किल्ल्याचा दरवाजा, पागोटं बांधलेला माणूस, खांद्यावर मुलगी. ती मुलगी म्हणजे त्याच बाई. माणसाचं नाव त्यांना माहीत नाही."

माझा घास हातातच राहिला.

गुरुवारी जायचं ठरलं. दुसऱ्या दिवशी सर्वपित्री होती. गुरुवारी सकाळीच मी सहाणेवर चंदन उगाळलं, त्यात कुंकू कालवलं आणि पोराच्या कॅमेऱ्याच्या रोलची काळी डबी असते तिच्यात भरून कोटाच्या खिशात टाकलं. सुनेला बोललो नाही. बापाला इतक्या वर्षांनी भेटायला जायचं ते मोकळ्या हाताने कसं जाणार?

तळघरातली खोली. भिंतीभर एकसारखी करडी खोकी. तिथल्या मुख्य बाई उंच, केस पांढरे, बोलणं हळू. त्यांनी नियम सांगितले आणि सुनेने मला मराठीत ऐकवले. पेन काढायचं नाही, पेन्सिल चालेल. पाणी नाही, खाणं नाही. हात लावायचा तर पांढरे मोजे घालून. ते मोजे बँडवाल्यांसारखे, माझ्या पंजावर चढेनातच.

"मग नुसतं बघा आबा, हात लावू नका."

"स्वतःच्या बापाला शिवायचं नाही?"

"सगळ्यांना तोच नियम आहे."

फोटो आगपेटीहून जरासा मोठा. बाईंनी भिंग दिलं. मी आधी पाय पाहिले. एका पायावर उभा, दुसरं पाऊल पोटरीला टेकवून, गुराख्यासारखा. असा माझा बापच उभा राहायचा. मग डावा कान. त्याची पाळी बैलाच्या शिंगाने फाटलेली होती, तीही दिसली. मग चेहरा. भिंगातून पाहिला आणि पहिल्यांदा मनात आलं ते हे, की हा माझ्या पोराहून लहान आहे. मी म्हातारा, आणि माझा बाप तरणाबांड. उन्हाने डोळे बारीक केले होते, ओठ दाबले होते, हसू आवरत असल्यासारखे. मी बघत राहिलो. पण खरं सांगायचं तर निम्मा वेळ मी कान आणि पायच पाहिले. ते ओळखीचे होते ना.

शेजारी त्याच खोक्यातला दुसरा फोटो होता. लांब टेबल, भोवती बरीच माणसं, मधे केक. बाईंनी त्यावरून बोट फिरवलं, न टेकवता. सून म्हणाली, "या पोरीचे आईवडील सोडले तर यातलं कुणीही वाचलं नाही. त्यांचं एवढंच उरलंय." मी मान हलवली. ऐकलं सगळं, पण आत शिरलं नाही. मला माझं पडलं होतं.

बाई म्हणाल्या, सोमवारी फोटोवाला येतो, तो मोठी कॉपी काढून देईल. ती घरी न्या, भिंतीला लावा, काय हवं ते करा.

"सोमवारी, आबा. मधे दोन-तीन दिवस तर आहेत."

"उद्या सर्वपित्री आहे."

"मग पुढच्या वर्षी लावा गंध."

"पुढच्या वर्षी मी असेन कशावरून? आणि कॉपी म्हणजे बाप का?"

"आबा, हाही फोटोच आहे."

शहाणी आहे ती. पण तिचं ऐकायचं नाही, हे माझं त्याच क्षणी ठरलं. बाईंनी एक कोरं कार्ड पुढे केलं. फोटोतल्या माणसाचं नाव काय, दिसायला कसा होता, तुम्हाला काय आठवतं, ते सांगा. मी म्हटलं, "समोर दिसतोय की. ही काय आंधळी आहे?" सुनेने ते कसं फिरवून सांगितलं देव जाणे. बाई हसल्या.

तेवढ्यात वर दाराची घंटा वाजली. खोकं दिलेली ती बाई मला भेटायला आली होती. दोघी तिला आणायला जिन्याकडे गेल्या.

मी डबी काढली. बोट बुडवलं आणि बापाच्या कपाळाला लावलं.

गवंड्याचं बोट ते. आणि बापाचा चेहरा केवढा? हरभऱ्याच्या डाळीएवढा. बोट उचललं तर पागोट्याखाली, पोरीच्या पायाशेजारी, नुसता एक लाल ठिपका. कपाळ नाही, डोळे नाहीत, काही नाही. मी घाबरलो. जन्मात असा घाबरलो नव्हतो. अंगठ्याने पुसायला गेलो तर दुधावरची साय निघावी तशी फोटोची वरची कातडी सरकली आणि खाली पांढरं उघडं पडलं.

"आबा! काय केलंत हे!"

मुख्य बाई ओरडल्या नाहीत. त्यांनी माझं मनगट धरून बाजूला केलं, फोटोवर टिपकागद ठेवला आणि एकच शब्द दोनदा बोलल्या. तो मलाही कळला. नको, नको. त्या ओरडल्या असत्या तर मला उत्तर देता आलं असतं.

खोकं देणारी बाई दारात उभी. पन्नाशीची, ठेंगणी, हातात केकचा डबा. तिने जवळ येऊन पाहिलं. बराच वेळ पाहिलं आणि हळू आवाजात काहीतरी म्हणाली.

"काय म्हणाली?"

"राहू दे आबा."

"सांग."

"म्हणाल्या, एवढं सगळं ओलांडून इथवर आला होता."

मला 'सॉरी' म्हणता येतं. नातीने शिकवलंय. जिभेपर्यंत आलंही, पण पुढे सरकलं नाही. ती बाई माझ्यासमोर खुर्ची ओढून बसली. स्वतःचा डावा कान तिने चिमटीत धरला, खाली ओढला आणि म्हणाली, "चल, चल!" स्वच्छ मराठीत. मग उजवा ओढला. लगामासारखे कान ओढून ती माझ्या बापाला वळवायची. तो मुद्दाम उलटीकडे वळायचा आणि ती रडायला लागली की हसायचा. एवढं तिने सुनेकरवी सांगितलं.

मी सुनेला म्हटलं, "विचार तिला, चेहरा आठवतो का म्हणावं."

तिने विचार केला. "मी वर बसलेली असायचे. मला पागोटं दिसायचं आणि कान. घोंगडीचा वास आठवतो. चेहरा समोरून पाहिल्याचं नाही आठवत. माझ्याकडे तो फोटोच होता."

म्हणजे झालंच. मला आठवत नव्हता, तिने पाहिला नव्हता, आणि तिसरं कुणी उरलेलं नव्हतं. दोघांचा मिळून तो डाळीएवढा चेहरा होता. तेव्हा कुठे ते टेबलाभोवतीचे लोक माझ्या आत शिरले, आणि मोजे कशासाठी असतात तेही. फार उशिरा शिरले.

जाताना तिने विचारलं, तो माझ्याबद्दल घरी कधी काही बोलायचा का?

"म्हणायचा, पोरगी दोन हंड्यांहून जड आहे."

सून कचरली. मी म्हटलं, "आहे तसं सांग." ते ऐकून ती बाई खदखदून हसली आणि हसता हसता तोंडाला रुमाल लावून वळली ती तशीच जिना चढून गेली. केकचा डबा टेबलावर राहिला. खाणं चालत नाही, म्हणून मुख्य बाईंनी तो उचलून बाहेर नेला.

गाडी सिग्नलला थांबल्यावर सून एवढंच म्हणाली, "तुमच्याबद्दल मी शब्द दिला होता तिथे." पोराने संध्याकाळी 'दुरुस्त करून मिळतात हल्ली फोटो' वगैरे सुरू केलं. कागद दुरुस्त होईल. आत चेहरा कुणाचा घालणार?

दुसऱ्या दिवशी सकाळी अंघोळ करून मी पाट मांडला. डबीतलं गंध ओतून टाकलं, नवं उगाळलं, आणि दरवर्षीप्रमाणे सुपारीला लावलं. नैवेद्य झाल्यावर सुनेला हाक मारली. "ते कालचं कार्ड आहे का तुझ्याकडे?"

होतं. ती पेन्सिल घेऊन बसली. सगळ्यात आधी बापाचं पूर्ण नाव सांगितलं. मग सांगितलं, उंच होता, आमच्या दाराला पागोटं घासायचं. डावा कान फाटका, बैलाने शिंग मारलेलं. उभा राहताना एक पाय पोटरीला टेकवायचा. गड चढताना बोलायचा नाही, उतरताना गप्प बसायचा नाही.

"चेहरा, आबा?"

मी डोळे मिटले. कालच तर पाहिला होता. "नाक तुझ्या नवऱ्यासारखं," म्हटलं. ती लिहू लागली.

"थांब. खोड ते."

"का?"

"खात्री नाही."

तिने रबराने खोडलं आणि वरची पूड हाताने झटकली. मी म्हटलं, "कानाचं काय लिहिलंस ते परत वाच."