गाजरगवत आणि टाकेबाई

महाविद्यालयाच्या वनस्पतिसंग्रहात वाळवलेली रोपे जाड कागदावर शिवून बसवण्याचे काम ज्या बाई करत, त्यांना सगळे टाकेबाई म्हणत. रोप गोळा करणाऱ्याचे नाव कागदाच्या कोपऱ्यात लिहिले जाते. टाके घालणाऱ्याचे लिहिण्याची पद्धत नाही. टाकेबाईंची त्याबद्दल तक्रार नव्हती. हातमोजे मात्र त्या घालत नसत. मोज्यातल्या बोटांना पाकळी कळत नाही, आणि वाळलेले रोप काय चावणार आहे थोडेच, असे त्यांचे म्हणणे.

त्या वर्षी टेबलावर गाजरगवताचा ढीग आला. रस्त्याच्या कडेला माजणारे हे तण परमुलखातून धान्याच्या पोत्यांतून आले असे सांगतात. आपल्या गावापुरता त्याचा पुरावा कोणी दाखवलेला नाही. टाकेबाईंचा जीव जडला तो त्याच्या पांढऱ्या गुंडीवर. वरून एक फूल दिसते, प्रत्यक्षात तो फुलांचा मेळावा: मधल्या गर्दीतली फुले नुसता पराग उधळतात, कडेची पाच तेवढी बी धरतात. "पाच जणी राबणार, बाकीचे मिरवणार. आमच्या घरासारखंच," असे त्या म्हणत.

मग पापण्या सुजल्या, मान खरखरीत झाली, कोपरांच्या घड्या लाल झाल्या. टाकेबाईंनी नव्या साबणावर ठपका ठेवला. साबण सुनेने आणलेला, त्यामुळे तिचे तोंड फुगले. अखेर त्वचेच्या डॉक्टरीणबाईंनी पाठीवर निरनिराळ्या पदार्थांच्या पट्ट्या चिकटवल्या. काढल्या तेव्हा गाजरगवताच्या पट्टीखाली लालभडक चौकोन उमटलेला. साबण निर्दोष सुटला आणि सून पुन्हा बोलू लागली. रोप वाळले तरी त्याच्या लवेतले विष वाळत नाही, असे डॉक्टरीणबाईंनी समजावले. ती लव मोडते, धूळ होऊन उडते, अंगावर बसते. सूर्यफूल आणि शेवंतीही त्याच कुळातली. पुढेमागे तीही छळू शकतील.

म्हणजे काम सुटण्याची वेळ आली. संग्रहाच्या प्रमुखांनी सुचवले की आधी महिनाभर रजा घ्यावी. त्रास थांबला तर कारण कळलेच, मग राजीनाम्याचे बघू. निवृत्त नवऱ्याला रजेचाही घोळ नको होता, सरळ राजीनामाच हवा होता.

"मेलेली झाडं शिवायला रोज जातेस, त्यापेक्षा घरी बसून माझ्या शर्टांची बटणं लाव," तो म्हणाला.

टाकेबाईंनी रजेचाच अर्ज लिहायला घेतला. बटण कोणीही लावते, असे त्यांच्या मनात आले.

रजेत बरे वाटायला हवे होते. झाले उलटेच. मागच्या खिडकीशी मटार सोलत बसल्या की संध्याकाळी डोळे उघडवत नसत. कामावर असताना ही खिडकी त्यांच्या वाट्याला कधी आलीच नव्हती. एकदा त्यांनी मान वर करून पाहिले, तर बांधकाम रखडलेला पलीकडचा प्लॉट फुलांनी पांढरा झालेला, आणि वारा तिकडूनच येत होता.

नवरा आणि सून हातमोजे चढवून, नाकाला फडके बांधून उपटायला उतरले. टाकेबाई बंद काचेआडून देखरेख करत होत्या. उंच वाढलेले सगळे उपटून झाल्यावर नवऱ्याने हात झटकले. जमिनीला चिकटलेली, चिरलेल्या पानांची चक्रे तशीच राहिली होती. ते दुसरेच काहीतरी आहे, असे त्याचे मत पडले.

टाकेबाई काचेला नाक लावून पाहत राहिल्या. अशी चक्रे त्यांनी कागदावर कितीदा तरी शिवली होती. रोपे वाळवताना फळ्यांमध्ये दाबतात, त्या दाबानेच ती सपाट होतात, असे त्या इतकी वर्षे धरून चालल्या होत्या. इथे तर फळी नव्हती. लहानपणी हे रोप आपणच असे पसरते, भोवतालची जागा अडवते आणि मग उभे राहते. त्यांना हसू आले, आणि जरा ओशाळल्यासारखेही झाले.

"अहो, तेच आहे ते," त्यांनी काचेतून ओरडून सांगितले. "बाळं आहेत त्याची. मुळासकट काढा."

"तुला आतून बरं दिसतं सगळं," तो कुरकुरला, पण वाकला.

प्लॉट मोकळा झाला तशी सूज ओसरली. एवढ्यावरून काम निर्दोष ठरत नाही, पट्टीने सांगायचे ते सांगितलेच होते. पण घरी बसणे म्हणजे सुटका नव्हे, हेही सिद्ध झाले. सून म्हणाली, "आई, ते सगळीकडेच आहे, तर तुम्ही काय काय सोडणार?" नवऱ्याने बटणांचा विषय काढला नाही.

टाकेबाईंनी प्रमुखांकडे स्वतःच तोडगा नेला: गाजरगवताचे सबंध कुळ दुसऱ्या कोणी शिवावे, आपण दूरच्या खोलीत बाकीचे पाहू. ते कुळ म्हणजे संग्रहातली सर्वांत मोठी कपाटे. प्रमुखांनी मान्य केले.

आता त्या नेच्यांच्या टेबलाशी बसतात. नेच्याला फूल येत नाही. त्याची त्यांना अजून सवय व्हायची आहे.